तक्त्याला लेखक नसतो

आमच्या संस्थेत कोण किती मोठा, हे मी सांगतो. हसू नका. मी साधा ग्रंथपाल आहे, पण दरवर्षी प्रत्येक संशोधकाचा एक पानी कागद माझ्याच हातून निघतो. त्यावर तीन रकाने असतात: लेख किती छापले, कोणाकोणाबरोबर मिळून छापले, आणि इतरांनी आपापल्या लेखांत त्यांचे दाखले किती वेळा दिले. तळाशी या सगळ्याचा गोषवारा म्हणून एकच आकडा, निर्देशांक. निर्देशांक दहा म्हणजे त्या माणसाचे दहा लेख असे आहेत, की त्यातल्या प्रत्येकाचा दाखला निदान दहा वेळा दिला गेलाय. एवढं कळलं तरी पुरे. आमच्या संचालकांना याहून जास्त कळतं असं मला कधी जाणवलं नाही.

यंदा त्यांनी फतवा काढला: निर्देशांक दहाच्या खाली असेल त्याला मुदतवाढ नाही, खोलीही नाही. कागद शुक्रवारी चारच्या आत टेबलावर हवेत.

शेवाळवाल्या बाईंचा निर्देशांक नऊ होता.

बाईंना खरं नाव आहे, पण शिपायापासून संचालकांपर्यंत सगळे त्यांना याच नावाने ओळखतात. एकतीस वर्षं त्या एकच काम करतायत. जुन्या भिंती, गटारांच्या कडा, नळाखालच्या फरश्या, जिथे कुठे हिरवं मखमली शेवाळ उगवतं तिथे वाकायचं, गळ्यातलं भिंग डोळ्याला लावायचं आणि बघत राहायचं. एकदा त्यांना असं भर उन्हात गटाराशी वाकलेलं बघून एका दुकानदाराने घाबरून पाणी आणून दिलं होतं. बाईंनी ते अर्धं प्यायलं आणि अर्धं शेवाळावर शिंपडलं. दुकानदार पुन्हा काही जवळ आला नाही.

तळमजल्यावर उत्तरेच्या अंगाला त्यांची खोली आहे. तिथे ऊन कधी फिरकत नाही, म्हणून ती कोणालाच नको होती. आत लोखंडी मांडण्या, त्यावर उथळ ट्रे, ट्रेमध्ये जिवंत शेवाळ. सकाळ-संध्याकाळ फवारा मारायचा. सुट्टीच्या दिवशीही मारायचा.

आणि त्यांना अजून दोन वर्षं हवी होती. त्याचं कारण सांगतो.

बाईंनी फार पूर्वी एक ओळख-तक्ता केला होता. अडतीस पानांचा. पानाला मधली शीर आहे का? असेल तर पायरी सात, नसेल तर पायरी बारा. असं एकेक पायरी उतरत गेलं, की शेवटी हातातल्या शेवाळाचं नाव सापडतं. पण त्यातली चौदावी पायरी चुकली होती, आणि ही चूक बाईंना स्वतःलाच सापडली. एकसारखी दिसणारी दोन शेवाळं त्यांनी एक धरली होती. त्यातलं एक फक्त स्वच्छ हवेत जगतं, दुसरं कुठेही, अगदी धुराड्याच्या तोंडाशीही. हवा किती शुद्ध आहे हे बघायला लोक याच शेवाळाची नोंद करतात. म्हणजे कितीतरी ठिकाणी लोक घाणेरड्या हवेला चांगली म्हणत बसले होते. दोन्ही जाती बीजाणूंपासून वाढवून फरक दाखवायचा आणि सुधारलेला तक्ता काढायचा, तर दोन वर्षं लागणार होती. "एवढं निस्तरलं की मी मोकळी," असं त्या म्हणायच्या.

कागद करताना माझाच जीव टांगणीला लागला. बाईंचे नऊ लेख भक्कम होते, प्रत्येकाला वीस-पंचवीस दाखले. दहावा लंगडा, त्याला चारच. सहकार्याच्या रकान्यात तर नुसता दुष्काळ. पन्नासेक पोरांना त्यांनी सूक्ष्मदर्शक धरायला शिकवलं असेल, पण पोरांच्या लेखावर आपलं नाव घालणं त्यांना चोरी वाटायचं. पोरं शेवटच्या ओळीत त्यांचे आभार मानत. आभार यंत्राला दिसत नाहीत.

मग मला तक्त्याची आठवण झाली. तो तर सगळेच वापरतात! त्याचे दाखले कुठे गेले? सोमवारी दुपारी मी शोधायला बसलो आणि पंधरा मिनिटांत सापडले. एकशे त्रेचाळीस. आनंदाने मी खुर्चीतून उठलोच. एवढा एक तक्ता बाईंच्या नावावर धरला, की निर्देशांक सरळ दहा.

पण तक्त्याच्या नोंदीत लेखक म्हणून संस्थेचं नाव होतं. फक्त संस्थेचं. नोंद कोणी केली ते बघायला मी खालची ओळ उघडली. तिथे माझी आद्याक्षरं होती. तारीख बावीस वर्षांपूर्वीची, माझ्या नोकरीच्या पहिल्या महिन्यातली.

मला सगळं लख्ख आठवलं. तेव्हा मी नवा, अंगात भलता उत्साह. सगळी जुनी छापील कागदपत्रं यंत्रात भरायचं काम माझ्याकडे आलं होतं. कोणी काही नियम सांगितला नव्हता, म्हणून मीच एक केला: लेख असेल तर लेखकाचं नाव, तक्ता किंवा सूची असेल तर संस्थेचं. लेख माणूस लिहितो, तक्त्याला कुठला आलाय लेखक? नोंदी कशा एका मापाच्या, नीटनेटक्या दिसत होत्या! मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं. आता त्या मुलाच्या एक मुस्कटात द्यावीशी वाटली.

मंगळवारी संचालकांकडे गेलो. माझं नाव न घेता, जुनी नोंद चुकीची आहे, एवढंच म्हणालो.

"म्हणजे एकशे त्रेचाळीस दाखले संस्थेच्या खात्यातून काढायचे?" त्यांनी चष्मा काढला. "आणि संस्थांच्या क्रमवारीत आपण किती खाली जाऊ, याचा विचार केलात?"

"पण साहेब, काम बाईंचं आहे."

"बाई संस्थेच्याच आहेत ना? मग झालं तर. मी यावर सही करणार नाही."

ज्या बाई संस्थेच्या म्हणून त्यांचे दाखले संस्थेचे, त्याच बाईंना संस्था आठवड्याभरात बाहेर काढणार होती. हे मी त्यांना बोललो नाही. बोलायला हवं होतं.

मी दाखल्यांची मोजदाद ठेवणाऱ्या कंपनीला पत्र टाकलं. बुधवारी उत्तर आलं. सभ्य, छोटं आणि स्पष्ट. लेखकाचं नाव बदलायचे दोनच मार्ग आहेत. एक, सध्या ज्याचं नाव आहे त्याची संमती. म्हणजे संचालकांची सही. दुसरा, मूळ नोंद करणाऱ्याने चूक आपली होती असं सहीनिशी लिहून द्यावं. तसं निवेदन आलं की नोंद त्याच दिवशी बदलू आणि संस्थेला त्याची प्रत पाठवू.

लिहून देणारा मीच, आणि तेच मला परवडणारं नव्हतं.

कारण आमच्याकडे मागच्या वर्षीपासून नवा नियम आहे: लेखकाच्या नावाची चुकीची नोंद केल्याचं सिद्ध झालं, मग ती कितीही जुनी असो, तर कर्मचारी तात्काळ बडतर्फ. तो नियम मीच टाइप केला होता. नोकरी गेली की महिन्याभरात संस्थेचं घर सोडायचं. आणि त्या घरात माझे वडील आहेत. त्यांना आता माझं नाव आठवत नाही, दिवस की रात्र कळत नाही, पण पलंगापासून न्हाणीपर्यंतची अकरा पावलं त्यांच्या पायांना पाठ आहेत. मागे आठ दिवस बहिणीकडे ठेवलं, तर कोपऱ्यात तोंड करून उभे राहिले आणि रडले.

बायकोला सगळं सांगितलं. तिने मान खाली घालून ऐकलं.

"अहो, मला विचारू नका," ती म्हणाली. "मी 'लिहा' म्हटलं तरी आयुष्यभर बोल लागेल, आणि 'नका लिहू' म्हटलं तरी."

गुरुवारी मी निवेदन लिहिलं. चार ओळींचं. सही करायची तेवढी राहिली. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीनंतरही ते माझ्या खिशातच होतं. मी घाबरलो होतो, याला दुसरा शब्द नाही.

तीन वाजता मी बाईंच्या खोलीत गेलो. संशोधकाची सही असल्याशिवाय कागद पुढे जात नाही.

बाई फवारा मारत होत्या. मला बघून त्यांनी स्टुलावरचा ट्रे उचलून मांडणीवर ठेवला. "बस. तोंड का असं एवढंसं झालंय?"

मी बसलो नाही. "बाई, तक्ता तुमच्या नावावर करायचा फार प्रयत्न केला. पण त्याला संचालकांची सही लागते, आणि ते देत नाहीत. मार्गच नाही दुसरा."

शेवटचं वाक्य मी ट्रेकडे बघत बोललो.

"बरं," त्या म्हणाल्या. हात पदराला पुसले, कागद घेतला, नऊच्या आकड्यावर क्षणभर बोट ठेवलं आणि सही केली. "बाबा कसे आहेत रे?"

"आहेत तसेच. घरातल्या घरात फिरतात."

"फिरतायत ना? फिरू देत." त्यांनी पेनाचं टोपण लावलं. मग सहज, चहाचं विचारावं तसं म्हणाल्या, "तीन वर्षांपूर्वी मी चौदाव्या पायरीची दुरुस्ती छापायला पाठवली होती. परत आली. लेखक नसलेल्याला दुसऱ्याच्या तक्त्यात दुरुस्ती करता येत नाही, म्हणे. मग मीही त्या दाखले मोजणाऱ्या कंपनीला लिहिलं होतं."

मी मान वर केली.

"नोंद कोणी केली तेही कळवलं त्यांनी. आणि दोन मार्ग आहेत, असंही."

दोन. बाईंनी तो शब्द जोरात उच्चारला नाही, की माझ्याकडे रोखून बघितलं नाही. तीन वर्षं त्या रोज ग्रंथालयात येत होत्या. माझ्याकडून मासिकं घेत होत्या, वडिलांची चौकशी करत होत्या. एका शब्दाने त्यांनी मला कधी विचारलं नाही.

"बाई, मी..."

"जा आता. चारच्या आत द्यायचाय ना तो?"

त्यांनी फवारा उचलला आणि राहिलेल्या ट्रेंकडे वळल्या. सोमवारी मांडण्या हलवायला माणसं येणार, हे त्यांनाही ठाऊक होतं, तरी त्या एकेका ट्रेवर सावकाश, बेतानं पाणी मारत होत्या.

मी जिना चढलो. घड्याळात सव्वातीन झाले होते. चार ओळींच्या कागदावर सही करून तो पाठवायला पाच मिनिटंही लागली नसती. मी संचालकांच्या दारावर टकटक केली, आत गेलो आणि बाईंचा कागद त्यांच्या हातात दिला.

"नऊ," ते म्हणाले. "नक्की ना?"

"नक्की," मी म्हणालो.