तिरक्या मानेचं फूल

फेब्रुवारी संपत आला तरी हॉलीच्या झाडामागे जमिनीतून एक कोंब वर आला नव्हता. ॲव्हरिल प्यू गुडघ्यांखाली जुनी उशी घेऊन त्या जागेसमोर बसली होती आणि ओला पाचोळा बोटांनी उचकत होती. बाकी सगळी बाग वेळेवर हजर होती. घरामागचं हे रान ओक आणि हेझलच्या झाडांनी इतकं दाटलेलं, की मे महिन्यात पालवी फुटली की खाली ऊन म्हणून पोचायचं नाही. त्यामुळे इथल्या कंदांना फुलायचं, पानं धरायची, पुढच्या वर्षाची बेगमी करायची, ते सगळं त्याआधी उरकावं लागतं. साधे स्नोड्रॉप वाटेच्या दोन्ही बाजूंना पांढरेशुभ्र पसरले होते. हेलेबोर काळ्या-जांभळ्या फुलांनी वाकले होते. ज्याची वाट बघायची, त्या एकानेच नेमकी दडी मारली होती.

"चहा आणलाय," मागून तिचा नवरा क्लेमंट म्हणाला. "सापडलं का?"

"काय सापडलं? मी काय शोधतेय ते तरी माहितीये का तुला?"

"नाही. पण सकाळपासून शोधतेयस, म्हणजे काहीतरी हरवलं असणार."

या माणसाशी संसार करायचा म्हणजे देवाने एक जादा फुफ्फुस द्यायला हवं होतं, इतके सुस्कारे लागतात. ॲव्हरिलने एक सोडला.

"आईचा स्नोड्रॉप," ती म्हणाली. "गेल्या मार्चमध्ये इथे लावला मी."

"इथे? तो तर वाटेकडेला असतो, हेझलखाली. सासूबाईंनी लावलेला."

"असायचा. हलवला मी. पलीकडच्या गावात चोर शिरले होते, आठवतंय? बागेतले दुर्मीळ कंद रातोरात उपटून नेले. आपला तर अगदी वाटेवर, वर 'दुर्मीळ' म्हणून भली मोठी पाटी. चोराला आमंत्रणच. तू दाताच्या डॉक्टरकडे गेलास त्या सकाळी अख्खा गड्डा उचलला, इथे मागे आणून पुरला, आणि पाटी काढून टाकली."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुला सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत पबमध्ये बिअरबरोबर वाटलं असतंस."

  क्लेमंटने जागेकडे बघितलं, हॉलीकडे बघितलं, मग हातातल्या कपाकडे बघत राहिला. त्याचे कान लाल झाले होते. कान लाल झाले की पुढे काय येतं ते तिला चांगलं माहीत होतं.

"क्लेमंट. काय केलंस?"

"सप्टेंबरमध्ये मी इथे खणलं होतं. तूच म्हणालीस ना, ते स्पॅनिश ब्लूबेल दिसतील तिथून मुळासकट काढ म्हणून. इथे कंदांचा हा एवढा गठ्ठा लागला. मी म्हटलं, सापडला शत्रू!"

"मग?"

"मग काय, जाळले. तूच सांगितलेलंस, नुसते ढिगावर टाकले तर परत उगवतात. एकसुद्धा सोडला नाही बघ मी." शेवटच्या वाक्यात अजून थोडा अभिमान शिल्लक होता.

ॲव्हरिलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्पॅनिश ब्लूबेल, म्हणजे ती दांडगट परदेशी जात, इथल्या नाजूक निळ्या ब्लूबेलना संपवते, हे तिने या माणसाला किती वर्षं कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं. दरवर्षी पालथ्या घड्यावर पाणी. आणि घड्यात एकदाच पाणी राहिलं, तेही नेमकं असं!

"डोळे होते का तुला? ब्लूबेलचा कंद पांढरा असतो, याचा तपकिरी! लहान कांद्याएवढा!"

"माती लागली की सगळेच तपकिरी दिसतात गं. आणि पाटी नव्हती." क्लेमंट हळूच म्हणाला. "पाटी असती तर मी हात लावला असता का?"

यात तथ्य होतं, आणि क्लेमंटच्या बोलण्यात तथ्य असलं की ॲव्हरिलला दुप्पट राग यायचा. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे तिला क्लेमंटकडून ऐकायचं नव्हतं. तिने उशी उचलली आणि चहा तसाच टाकून घरात गेली.

ते फूल जगात दुसरीकडे कुठेच नव्हतं. आईला ते हेझलच्या बुंध्याशी आपोआप उगवलेलं सापडलं होतं, मधमाशीने लावून दिलेल्या कुठल्याशा दोन जातींच्या लग्नातून. इतर स्नोड्रॉप मान खाली घालून उभे असतात. हे मान थोडी तिरकी करून वर बघायचं, पाकळ्यांच्या टोकांना हिरवी बोटं लावल्यासारखी, आणि सगळ्यांपेक्षा उशिरा यायचं. आईने त्याला कधी नाव दिलं नाही, निदान ॲव्हरिलला तरी सांगितलं नाही. आई गेल्यावर ॲव्हरिलने मनाशी पक्कं केलं होतं, की कधीतरी हे रीतसर आईच्या नावाने नोंदवायचं. 'हेस्टर'. आणि कधीतरी म्हणता म्हणता सगळी वर्षं निघून गेली.

आईचा हात मोठा सैल होता. जो येईल त्याला वर्तमानपत्रात गुंडाळून कंद, रोपं, मुळ्या. "झाड राखायचं असेल तर वाटून टाकावं," असं तिचं म्हणणं. ॲव्हरिलला ते कधी पटलं नाही. वाटून टाकलं की दोन वर्षांत तेच बाजारात कुणाच्या तरी टेबलावर विकायला दिसतं. आई गेल्यापासून त्या गड्ड्यातला एकही कंद कुंपणाबाहेर गेला नव्हता. आता कुंपणाच्या आतही उरला नव्हता, आणि याचा दोष कुणाला द्यावा हे ठरवताना तिला रात्रीचं जेवण जाईना. क्लेमंटने केलेलं मेंढीचं मटण तिने काट्याने नुसतं चिवडलं.

रविवारी गावच्या बागा सगळ्यांसाठी खुल्या होत्या. चर्चच्या छपराच्या दुरुस्तीला पैसे जमवायला दरवर्षी हा खटाटोप असतो. लोक मोटारी भरभरून येतात, चिखलात बूट बुडवतात, फुलांपेक्षा केकजवळ जास्त वेळ काढतात. ॲव्हरिल फाटकापाशी उभी राहून हसत होती आणि आतल्या आत धुमसत होती.

"हेस्टरचं ते तिरकं फूल कुठे दिसत नाही यंदा?" पोस्टातल्या मिसेस प्रिचर्डने विचारलं.

"उशीर झालाय त्याला," ॲव्हरिल म्हणाली.

"गेल्या वर्षी तर याच सुमारास—"

"लिंबाचा केक संपत आलाय हं. घ्या लवकर."

दुपार टळल्यावर बागवाल्यांनी एकमेकांच्या बागा बघून यायच्या, हा गावचा शिरस्ता. चुकवला तर वर्षभर बोलणी. म्हणजे नॉर्मन ट्रँटरकडे जाणं आलंच.

नॉर्मन ट्रँटर कुंपणापलीकडे राहायचा. विधुर, बडबड्या, आणि दातृत्वाचा झरा. हाच झरा एकदा ॲव्हरिलच्या बागेत वाहिला होता. त्याने हौसेने दिलेल्या एका कुंडीतून ग्राउंड एल्डरची मुळी आली. हे तण म्हणजे तिकडची हरळीच. दोऱ्याएवढा तुकडा राहिला तरी वर्षभरात वाफा गिळतो. ते उपटून काढण्यात ॲव्हरिलची पाच वर्षं आणि उजवा गुडघा गेला. तेव्हापासून नॉर्मन तिच्यासाठी 'मिस्टर ट्रँटर' झाला होता, आणि त्याच्या बागेतली चिमूटभर मातीसुद्धा आपल्या फाटकातून आत येणार नाही, असं तिने त्याला तोंडावर सांगितलं होतं.

त्याची बाग तशीच होती. कशाला कसला धरबंद नाही, कुठे पाटी नाही, सफरचंदाच्या जुन्या झाडांखाली सगळं एकमेकांच्या अंगावर वाढलेलं. तणाची कोवळी पानं जिथे तिथे वर येत होती. "अरे देवा," ती पुटपुटली. "क्लेमंट, बूट झटकल्याशिवाय घरात पाऊल टाकलंस तर बघ."

आणि मग तिला ते दिसलं.

कुंपणालगत, झाडाच्या ढोलीपाशी, हातभर रुंद पसरलेला गड्डा. मान तिरकी, टोकं हिरवी. तिच्या गड्ड्याच्या दुप्पट.

"मिस्टर ट्रँटर!"

नॉर्मन कुणाला तरी चहा ओतत होता. किटली हातात तशीच घेऊन तो आला. "काय गं ॲव्हरिल? काही चावलं का?"

"हे कुठून आलं तुमच्याकडे?"

"हे होय? हे तुझ्याकडचंच की."

"माहितीये मला माझ्याकडचंच ते! म्हणूनच विचारतेय! चोर परगावातून येतात म्हणून मी गड्डा लपवला, आणि इथे कुंपणाला खेटून—"

"अगं हळू, लोक बघतायत," क्लेमंट म्हणाला.

"बघू देत!"

नॉर्मनने किटली गवतावर ठेवली. तो चिडला नाही, आणि ॲव्हरिलला त्याचाही राग आला. "पेगी गेली ना माझी, त्या वसंतात हेस्टर आली होती," तो म्हणाला. "वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन. म्हणाली, हे लाव, दरवर्षी उशिरा येतं, पण आल्याशिवाय राहत नाही. म्हणाली, अर्धं तुझ्याकडे असू दे, आमच्याकडे कधी काही झालंच तर. तुला सांगितलं नाही तिने?"

"नाही."

"मी तरी सांगायला किती वेळा आलो. दर वसंतात एक कुंडी घेऊन तुझ्या फाटकाशी यायचो. म्हटलं गड्डा वाढलाय, थोडा परत द्यावा. तू वर बघायचीस सुद्धा नाहीस. 'तुमची माती नको, मिस्टर ट्रँटर,' की फाटक बंद."

हे खरं होतं. ॲव्हरिलला त्या कुंड्या आठवल्या. त्यांत काय आहे हे तिने एकदाही बघितलं नव्हतं. फुलाच्या पायाशी बसावं की तिथून तडक निघून जावं, हे तिला कळेना. शेवटी ती बसली. उशी नव्हती, चिखलातच बसली.

"आमचा गेला," ती म्हणाली. "सगळा. जाळला यानं."

"पाटी नव्हती," क्लेमंट म्हणाला.

"तू गप्प बस."

नॉर्मन खोपटाकडे गेला आणि दाताळं घेऊन आला. "आत्ताच हलवायला बरं, पानं हिरवी आहेत तोवर," तो म्हणाला. "कंद सुकले की ॲव्हरिल काही नीट लागत नाही. रुसते."

"कोण रुसते?"

"ॲव्हरिल. हे फूल गं."

ॲव्हरिलने झटकन मान वर केली.

"हेस्टर हेच म्हणायची ना याला," नॉर्मन दाताळं जमिनीत रोवत म्हणाला. "तिनंच सांगितलं. 'सगळ्या माना खाली घालतात, हिच्या मात्र जिवावर येतं. उशिरा येणार, तिरकं बघणार, पण एकदा उभी राहिली की पावसाला भीत नाही. आमची ॲव्हरिलच ही.' मला वाटलं, तुला माहीत असेल."

क्लेमंटने तोंडावर हात धरला. तो हसतोय हे त्याच्या खांद्यांवरून कळत होतं. ॲव्हरिलने त्याच्याकडे तिरकं बघितलं आणि तिचं तिलाच ते जाणवलं. डोळे भरून आले, आणि अशा भरल्या डोळ्यांचाही तिला संताप आला. आई इतकी वर्षं तिच्याबद्दल हे फूल दाखवून शेजाऱ्यांना सांगत होती. तिला सोडून!

नॉर्मनने अर्धा गड्डा मुळांसकट उचलला, कालच्या वर्तमानपत्रात गुंडाळला आणि तिच्या हातात दिला. तिने तोंड उघडलं.

"एक शब्द नाही!" नॉर्मनने हात वर केला. "दिलेल्या झाडाचे आभार मानले की ते जगत नाही. तुझ्या आईनेच शिकवलंय मला."

 इतकी वर्षं या माणसाला बोलायला तिच्याकडे शब्द कमी पडले नव्हते, आणि आज एकच हवा होता, तर तो चालत नव्हता.

"या गठ्ठ्यातून तुमच्या त्या तणाचा एक तंतू जरी माझ्या बागेत आला ना, नॉर्मन," ती वर्तमानपत्राची टोकं घट्ट दुमडत म्हणाली, "तर मी तुम्हाला जिवंत गाडीन."

"झालं मग," नॉर्मन खुशीत म्हणाला. "आता नक्की लागेल."

संध्याकाळी तिने स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये एकेक कंद थंड पाण्याखाली धरून धुतला. चार ठिकाणी पांढऱ्या दोऱ्यासारखी मुळी निघाली. प्रत्येक वेळी ती "बघितलंस? बघितलंस?" म्हणाली, आणि क्लेमंट प्रत्येक वेळी "बघितलं" म्हणाला. मग त्याने कंदील धरला आणि तिने हेझलखाली, वाटेकडेला, जुन्याच जागी ते लावले. पाटीवर मोठ्या अक्षरात नाव लिहिलं, 'ॲव्हरिल'. खोचताना चोर आठवले आणि हात जरा थांबला, पण खोचली.

सहा कंद तिने बाजूला काढले होते. ते तिने एका कुंडीत लावून क्लेमंटच्या पुढे धरले.

"उद्या पोस्टात जाऊन मिसेस प्रिचर्डला दे. आणि सांग, अर्धं तिच्याकडे असू दे, आमच्याकडे कधी काही झालंच तर. होणारच आहे, तू आहेस तोवर."

"देतो," क्लेमंट म्हणाला.

"आणि ती थँक यू म्हणाली, तर कुंडी उचलून सरळ परत घेऊन ये."