बुंदीची चूल

गावाबाहेरचा उकिरडा बंद झाला तर पालिकेचे मेंबर हिंमतराव यांच्या पदरात चार गोष्टी पडणार होत्या. कचऱ्यावर माती लागणार, म्हणजे त्यांच्या वावरात आडवं आलेलं टेकाड पालिकेच्या बैलगाड्यांनी फुकटात हलणार. वर बगीचा होणार आणि त्याला वडिलांचं, उकंडरावांचं नाव लागणार. दृष्ट लागू नये म्हणून जन्मताच वडिलांना उकिरड्यावर लोळवलं होतं, त्यावरून हे नाव. आता उकिरडाच त्यांच्या नावावर. तिथंच लेकीचं, पुष्पाचं लग्न लागणार, सारं गाव जेवणार. आणि जेवल्या गावाचे मेंबर हिंमतरावांना नगराध्यक्ष करणार. जाणार काय? गेला तर कचरा.

मलकापूरच्या अलीकडचं ते रेल्वेकाठचं गाव. महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, आणि 'राज्य नवं तर गावही नवं' हे हिंमतरावांचं भाषण पोरांनाही पाठ होतं.

अडले ते फक्त पालिकेचे ओव्हरसियर भगवंतराव. "मेंबरसाहेब, खाली किती वर्सांचा कचरा कुजून राह्यला. त्याची वाफ पेट घेते. वर दोन हात माती पाह्यजे, वाफ जाले लोखंडी पाइप पाह्यजेत. अन् पाच वर्सं तिथं कुदळ लावाची नाही. फक्त झाडं."

"हाव, हाव," हिंमतराव म्हणाले.

माती वीतभर पडली, कारण टेकाड तेवढ्यात सपाट झालं. पाइप मात्र उभे राहिले. लग्नाच्या आदल्या दिवशी ते हिंमतरावांना खुपले. "हे हुक्के काऊन उभे ठेवले बे? उद्या व्याही येऊन राह्यले!" पाइप उपटून दारच्या कमानीला लावले. भोकं शेणानं लिंपली, वर रांगोळी घातली.

त्यांच्या बायकोनं, रुक्मिणीबाईंनी, अनवाणी फेरी मारली. "अहो, भुई कोमट लागून राह्यली पायाले."

"हिवाळ्यात कोमट भुई कोणाले मियते? वऱ्हाड खुश होईल!"

कुदळ लावायची नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण लग्नाचा स्वयंपाक जमिनीत लांब चर खोदूनच व्हायचा, आणि चुलीचा चर म्हणजे खोदकाम, असं कुणाच्याच डोक्यात आलं नाही. चूल ती चूल. आचारी पंजाबरावांनी चर खोदला, बुंदीची कढई ठेवली, काडी ओढली.

भप्प झालं. पंजाबरावांची मिशी गेली. निळा जाळ चराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावला.

"लाकडाबिगर पेटली वं माय!" म्हाताऱ्यांनी हळदकुंकू वाहिलं, कुणी नारळ फोडला.

"बापाची पुण्याई," हिंमतराव छाती काढून म्हणाले.

पुण्याई मग जमिनीखालून निघाली. लिंपलेली भोकं एकेक करून धुपू लागली. रांगोळीतून धूर, आणि धुरातून साऱ्या गावानं आजवर टाकलेलं सगळं. पाणी ओतलं तर घाण दुप्पट झाली. तोवर अक्षता पडून गेल्या होत्या, म्हणून लग्न टिकलं. पंगत मात्र बसलीच नाही. खामगावचे व्याही नारायणराव उपरणं नाकाला लावून म्हणाले, "व्याहीबुवा, आमाले जेवाले बलावलं का धुरी द्याले?"

पालिकेची सभा भरली. आचाऱ्यानं विनापरवानगी खोदलं, असा ठराव झाला. यावेळी दोन हात माती पडली, ती हिंमतरावांच्या वावरातल्या दुसऱ्या टेकाडाची. मेंबरांना त्यांनी पुन्हा जेवू घातलं, आपल्या मळ्यात, आणि नगराध्यक्ष झाले.

तर याचा दंड कोणी भरला? पंजाबरावांची मिशी गेली, ती उगवली. भगवंतरावांची बदली झाली. सामान बांधताना ते हसत होते म्हणतात. गावानं एका उकिरड्याची माती दोनदा भरली आणि दोन्हीदा टाळ्या वाजवल्या. हिंमतरावांचं काहीच गेलं नाही; वावर तेवढं सपाट झालं.

उरलं ते पुष्पाच्या वाट्याला. खामगावात सकाळी चूल जरा धुपली की सासू ओसरीवरून विचारते, "काऊन वं पुष्पे, माहेर आलं का?"

पुष्पा फुंकणी घेते आणि रोजचा दंड भरून टाकते.