पिंपातली बडबड

तळघरातलं थोरलं पिंप यंदा आतून घासून झालं नाही, तर सुतार ते कापणार, हे ठरून गेलं होतं. मौनीकाकांच्या पुतण्याने स्टीलची टाकी पसंत करून ठेवली होती. पिंपाच्या फळ्यांची वाइनरी बघायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी टेबलं होणार होती. सुतार सकाळीच करवत घेऊन हजर झाला.

अडचण होती दाराची. पिंप खोलीएवढं, पण आत शिरायचं दार पणजोबांनी स्वतःच्या खांद्यांच्या मापाचं ठेवलेलं, आणि पुढे घरातले पुरुष पिढीगणिक रुंद होत गेले. म्हणून हे काम सुनांकडे आलं. इतकी वर्षं पुतण्याची आई, म्हणजे काकांच्या वहिनी, आत जाऊन भिंतींवरचा क्षाराचा काचेसारखा कडक थर खरवडायच्या. यंदा त्यांच्या गुडघ्यांनी संप पुकारला.

"मी जातो," मौनीकाका म्हणाले.

सगळे बघतच राहिले. काका म्हणजे वहिनींचे धाकटे दीर. लग्न केलं नाही, अंगाने काडी, काम बाटल्यांना लेबलं चिकटवायचं. उरलेला वेळ याच पिंपाला टेकून पुस्तक वाचायचं. धंद्याला आपला काडीचाही उपयोग नाही, अशी त्यांची मनोमन खात्री होती. पण पिंपाची टेबलं झालेली त्यांना बघवली नसती.

"शिराल हो भाऊजी, पण बोलाल का?" वहिनींनी नेमकं दुखणं पकडलं.

रस आंबताना निघणारा वायू पिंपात रेंगाळतो आणि कळायच्या आत माणसाला गुंगी येते. मेणबत्ती आत धरून ती विझते का ते बघायचंच, पण त्यावर घरचा आणखी एक नियम होता: आतल्याने बडबड थांबवायची नाही, बाहेरच्याने दार सोडायचं नाही. आवाज तुटला की कमरेचा दोर ओढून माणूस बाहेर.

"मी तर सासूबाईंची गाऱ्हाणी सांगायचे," वहिनी म्हणाल्या. "दाराशी त्याच बसलेल्या असायच्या."

"आणि आजी ऐकून घ्यायची?" पुतण्याने विचारलं.

"घेतात कसल्या! सव्याज परत करायच्या. पण दोर कधी सोडला नाही."

मेणबत्ती नीट जळली. काकांनी खांदे आवळले आणि आत शिरले.

"एकदा जरी ओढून काढावं लागलं ना काका, तर मी करवत लावणार हं," पुतण्याने दोराचं दुसरं टोक हातात धरत बजावलं.

काकांनी ब्रश चालवत सतराचा पाढा सुरू केला.

"पाढे नकोत!" वहिनी ओरडल्या. "पाढे गुंगीतही म्हणता येतात. काहीतरी बोला."

काय बोलणार? आयुष्यभर वाचलेली पुस्तकं एकदम डोक्यातून पसार झाली. हात चालत होता, जीभ नाही. कमरेचा दोर ताणला गेला.

"ओढतोय!"

"पणजोबांना वाइन करायचीच नव्हती!" काका ओरडले. आवाज पिंपात घुमून असा भारदस्त झाला की तो आपलाच आहे, हे त्यांना क्षणभर पटेना.

दोर सैल पडला. "काय?"

"ते होते पिंपं बनवणारे सुतार. एका बागवाल्याने सगळ्यात मोठं पिंप सांगितलं. पणजोबांनी ते इथे तळघरातच उभं केलं. न्यायला माणसं आली तेव्हा कळलं, जिन्याच्या दारातून ते निघतच नाही!"

सुतार खो खो हसत सुटला. "पिंप मोजलं, दार मोजायचं राहिलं!"

"बागवाला निघून गेला. पणजी म्हणाली, आता यातच राहायला जा. रिकाम्या पिंपाच्या फळ्या वाळून तडकतात, म्हणून पणजोबांनी त्याच्याकडूनच द्राक्षं आणून ते भरलं. पहिली वाइन इतकी आंबट, की पणजीने त्या वाइनने तांब्याची भांडी घासली."

"आणि मी माहितीपत्रकात 'दूरदृष्टी' लिहून बसलोय!" पुतण्याने कपाळावर हात मारला.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं हो?" वहिनींनी विचारलं.

"माझ्या आजोबांनी. लेबलं चिकटवताना. मी बोलत नसे, मग ते बोलत." क्षाराचे तुकडे खळखळ पडत होते. "आजोबांना चवीतलं ओ की ठो कळत नसे. माझी आजी औषधाच्या दुकानात होती, ती बाटल्या नुसत्या वासावरून ओळखायची. म्हणून आजोबा रोज खोटा खोकला घेऊन तिच्या दुकानात..."

वहिनींनी टॉर्च आत फिरवला. फळी न् फळी लख्ख झाली होती.

"झालं की हो भाऊजी! या बाहेर."

आत शांतता. दोर लगेच ताणला गेला.

"आहे, आहे!" काकांचा आवाज बारीक झाला होता. "पण बाहेर आलो की मला हे सांगता यायचं नाही."

वहिनींनी पाण्याचा तांब्या आत सरकवला. पुतण्याने खाली फरशीवर बैठक मारली आणि सुताराकडे वळून म्हणाला, "तुम्ही निघालात तरी चालेल. पिंप राहतंय."

"निघतो की," म्हणत सुताराने एक खोकं उलटं करून बूड टेकलं. "लग्न तरी लागू दे."

पिंप पुन्हा घुमू लागलं. "तर झालं काय, आजोबांना खराच खोकला झाला..."