कमी झाली की सांगा

मांजरीले शुगर होते हे मले वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी समजलं, अन् तेही चालत्या गाडीत. मी तवा एसटीत कंडक्टर होतो, यवतमाळ-दारव्हा-दिग्रसच्या गाडीवर. एक पन्नाशीची बाई मांडीवर झाकणाची टोपली घेऊन बसलेली. तिकीट फाडाले गेलो तं टोपलीतून म्याव.

"बाई, जनावर नाही चालत गाडीत," म्या म्हटलं.

"जनावर नाही भाऊ, पेशंट आहे," ती म्हणे. "शुगर आहे तिले. साडेसातच्या आत घरी जाऊन सुई द्यायची आहे."

मले हसू नाही आलं, राग आला. मले सोताले बारा वर्षांपासून शुगर. गोळ्या खाऊ-खाऊ जीव कावला, लग्नाच्या पंगतीत बुंदीकडे पाहाची चोरी, अन् इथं मांजरीचे असे लाड! पण बाईचा चेहरा असा होता की उतरवायची हिंमत नाही झाली. उलट ड्रायव्हरले म्हटलं, जरा हाण बाप्पा, सीरियस पेशंट आहे गाडीत.

ही आरिफाभाभी. दिग्रसचे ट्रॅक्टर-मेकॅनिक मुख्तारभाई, त्याईची घरवाली. मुख्तारभाईले जाऊन तवा दोन वर्षं झालती. पोरगी नाजिया वणीले दिलेली. रिटायर झाल्यावर मी तांड्यातलं घर भावाले सोडून दिग्रसले बांधलं, तं निघालं नेमकं भाभीच्या मागच्या गल्लीत. मधात एक भिंत, छातीएवढी. त्या भिंतीवरून मी दोन वर्षं जे पाह्यलं, ते सांगून राह्यलो.

यवतमाळले जनावराईचं एक शेल्टर आहे. लोकं मोठ्या हौसेनं मांजर पाळतात, अन् ते बिमार पडलं की तिथं नेऊन सोडतात. पिल्लू असलं तं दुसरं कोणी घेऊन जाते. शुगरवालं म्हातारं मांजर कोण नेते? दिवसातून दोन डाव सुई, बरोबर बारा तासांनी. मंग सण असो, लग्न असो, कोणाची मौत असो. शेल्टरवाल्याईच्या पाठीमागं शंभर जनावरं अन् हात चार. असं मांजर भाभी घरी आणे. हाडावर कातडं, अंगाचे केस झडलेले, पाणी पेऊ-पेऊ अन् मुतू-मुतू वाळलेलं.

अन् मंग तिची मेहनत पाहाची. तव्यावर फडकं गरम करून कानाले शेकायचं, म्हणजे रक्त वर येते. कानाच्या कडेले टुचकन टोचून थेंब मशीनवर घ्याचा. बिनमिठाची उकडलेली कोंबडी बोटानं बारीक करून समोर ठेवाची. मांजर खाते की नाही ते तिथंच बसून पाहाचं. खाल्लं की मानेवरची कातडी चिमटीत धरून सुई, अशी हलकी की मांजर मिशा चाटतच राहे. ईदच्या दिवशी पाहुण्यानं घर भरलेलं, शिरखुर्मा चुलीवर, अन् भाभी मोरीपाशी मांजराचा कान शेकून राह्यली. मले डॉक्टरनं दोनदा इन्सुलिन लिहून देल्लं, मी भेवानं घेतलं नाही. ही बाई रोज दोनदा दुसऱ्यासाठी सुई भरे. मी भिंतीवरून टोमणे मारो खरा, पण मनातून म्हणो, मानलं बुवा.

पण ते मांजरं टिकत नव्हते. कोणी सहा महिने, कोणी वर्ष. अंगावर मांस चढे, केस येत, उन्हात लोळाले लागे, अन् एक दिवस किडनी नाही तं काही दुसरं. भाभी मेलेलं मांजर मांडीवर घेऊन रडे, लपवत नव्हती. तिच्या अंगणातल्या चिकूच्या झाडाखाली गाडे. म्हणे, "बस्स भाऊ. अब नहीं. आता नाही होत माह्याच्यानं." पंधरा दिवस झाले की टोपली झटकून पुन्हा स्टँडवर.

एकदा मी तापलो. "एवढं रडता तं आणता कायले? सुखाचा जीव दुःखात घालता."

ती कोंबडी बारीक करून राह्यलती. म्हणे, "भाऊ, इथं मेलं तं मी तं रडते. तिथं पिंजऱ्यात मेलं तं कोणाले पत्ताबी लागत नाही."

मी पेपर उघडला.

सातवं मांजर हवालदार. नाव म्याच ठेवलं. पांढराफटक बोका, अन् नाकाखाली काळा डाग, अशा झुपकेदार मिशा. आला तवा मागचे पाय टेकून चाले, शुगरनं पायातली ताकद गेलती. तीन महिन्यात पठ्ठ्या भिंत चढाले लागला. रोज सकाळी भिंतीवरून माह्या ओट्यावर उतरे अन् नेमका मी वाचून राह्यलो त्या पानावर बसे. हाकललं तं असा पाहे का मीच बिगरतिकिटाचा. रिटायर माणसाले कोण विचारते? बायको मानीबाई म्हणे, "घरात नुसते बसून राहता." हवालदार मात्र वेळेवर ड्युटीले हजर. जीव लागला त्याचा, खोटं कायले बोलू.

मंग नाजियाचं बाळंतपण आलं. पहिलटकरीण, त्यात बीपी. भाभीले वणीले जाणं भाग होतं, आठ-दहा दिवस. शेल्टरात ठेवावं तं तिथं वेळेवर सुई कोण देणार? भाभी भिंतीपाशी आली अन् कधी नाही तो आवाज खाली पडलेला.

"भाऊ, तुमी देसान काय सुई?"

मानीबाई आतून हसली. "सोताले टोचाचं म्हटलं तं पलंगाखाली लपतात, ते मांजरीले देतील!" हे मले लागलं. म्हटलं, देतो.

दोन दिवस भाभीनं मले शिकवलं. मोसंबीवर टोचाले लावलं, मंग हवालदारावर. माहे हात कापत, तो बिचारा गुमान बसे. जाताना भाभीनं सगळं तोंडी सांगतलं. आठ वाजता सकाळी, आठ वाजता संध्याकाळी. आधी मशीन, मंग खाणं, मंग सुई, दोन युनिट. रिक्षात बसता-बसता वळून म्हणे, "अन् भाऊ, कमी झाली की मले लगेच सांगा."

हे चार शब्द नीट आयकून ठेवा. कमी झाली की सांगा.

आता आमच्या घरी, आमच्या तांड्यात, माह्यासारख्या गोळीवाल्याईच्या बैठकीत, शुगर कमी झाली याचा एकच अर्थ. खुशखबर. दवाखान्यातून आलो की मानीबाई दारातच विचारते, "कमी झाली काय?" इतक्या वर्षात मले हो म्हणाले भेटलं नाही. माही कधी दोनशेच्या खाली उतरलीच नाही. शुगर जास्त कमी होऊन जीव जाते, हे मले कोणी सांगतलं नव्हतं. सांगतलंबी असन कधी डॉक्टरनं, पण ज्याच्या घरी पूर येते त्याले दुष्काळाचं काय ध्यानात राहणार.

पहिल्या दिवशी हवालदाराची तीनशे दहा. दुसऱ्या दिवशी दोनशे ऐंशी. मी टोचत होतो, तो खात होता, सगळं टाइमटेबलवर. तिसऱ्या दिवशी सकाळी मशीनवर आकडा आला अठ्ठावन्न.

मले वाटलं मशीन बिघडली. पुन्हा टोचलं. छप्पन्न. मानीबाईले हाक मारली, म्हटलं, पाह्य, माह्या हाताले गुण आहे. भाभीले चार महिन्यात जमलं नाही ते म्या तीन दिवसात केलं. हवालदार जरा सुस्त होता, कोंबडी नुसती हुंगली, एक-दोन घास खाल्ले. वाटलं, आराम पडला म्हणून झोप आली असन. अन् दोन युनिट भरून, बिलकुल हात न कापता, सुई देली.

मंग मोठ्या ऐटीत फोन लावला. "भाभी, पेढे तयार ठेवा. कमी झाली. छप्पन्न!"

तिकडून अगदी हळू आवाज आला, "सुई देली काय भाऊ?"

"देली न. दोन युनिट."

"या अल्लाह," एवढंच म्हणाली. अन् मंग एकदम कामाचं बोलाले लागली, ओरड नाही, रड नाही. "घरात शहद आहे? नाही? साखर घोळा पाण्यात, घट्ट. बोटानं हिरड्याले लावा. तोंडात ओतू नका, छातीत जाईन. फोन चालू ठेवा."

तोवर हवालदार डुलाले लागलता. मागचे पाय गेले, मंग मान. मी साखरेचं बोट लावू, पुसू, पुन्हा लावू. मानीबाई जनावराच्या दवाखान्यात पळत गेली, डॉक्टर लसीकरणाले खेड्यावर गेलते. त्याईले निरोप पाठवला. पाच-पाच मिनिटाले भाभी विचारे, "आता काय आकडा? डोळे हालतात काय?" मागून दवाखान्याचा गलका, कोणी बाई तिले आवाज देऊन राह्यली, नाजियाले आत नेलं म्हणून. अन् भाभी तिकडं एका हातानं पोरीचं दार धरून उभी, दुसऱ्या हातानं माह्या हवालदाराले. एकदा आकडा सत्तरवर आला. मी रडलो आनंदानं. मंग त्याले झटका आला.

"फोन त्याच्या कानापाशी न्या," भाभी म्हणे. नेला. ती त्याच्याशी काय बोलली ते म्या आयकलं नाही, आयकाले नको होतं. डॉक्टर साडेअकराले आले, सलाईन लावलं. साडेबाराले तो गेला. डॉक्टर म्हणत, वयबी झालतं, किडनीबी खराब होती. चांगला माणूस. पण मी कंडक्टर होतो तीस वर्षं, खोटं बोलणाऱ्याचा चेहरा वळखतो.

नाजियाले पोरगी झाली, दुपारी दोनले. तो फोन मानीबाईनं घेतला. मी चिकूखाली खड्डा खोदून राह्यलतो.

दहा दिवसानं भाभी आली तं मी घराच्या मागच्या बाजूले जाऊन बसलो. ती भिंतीले वळसा घालून तिथंच आली.

"शिव्या द्या भाभी," म्या म्हटलं. "तोंडात मारा. म्या मारलं त्याले."

ती तिच्या अंगणात परत गेली, चिकूखाली बसली अन् रडली, पोटभर. मले एक शब्द नाही बोलली. त्याच्यानं मले जास्त लागलं. पेपर येई तं मी उघडत नव्हतो. तीन हप्ते गेले. मंग एक दिवस ती भिंतीपाशी येऊन म्हणे, "उद्या यवतमाळले चाला माह्यासंगं."

"कायले?"

"टोपली जड होते."

गेलो. तोंड नव्हतं नाही म्हणाले. शेल्टरातल्या समीक्षाताईनं एका पिंजऱ्यापाशी नेलं. कोपऱ्यात एक पिवळी मांजर, चूल पुसायच्या फडक्यासारखी मळकी, पाण्याच्या भांड्यात तोंड घालून. शुगर चारशेच्या वर. मालक बदली होऊन गेले अन् तिले शेल्टरच्या दाराशी बांधून गेले. भाभीनं हात घातला तं तिनं बोट चाटलं.

समीक्षाताईनं फॉर्म आणला. त्यात एक रकाना, तुमच्या गैरहजेरीत सुई कोण देणार. भाभीनं फॉर्म माह्यापुढं सरकवला. "लिहा तुमचं नाव."

माहं डोकं सणकलं. "भाभी, येडी झाली काय तुमी? ज्यानं मारलं त्याच्याच हाती देता?"

तिनं फॉर्मवर पेन ठेवला. मंग म्हणे, "भाऊ, पहिली मांजर मुख्तार गेल्यावर आणली. रमजान होता. सेहरीच्या, पहाटच्या खाण्याच्या गडबडीत म्या पाह्यलं तं तिची थाळी साफ. समजले, खाल्लं. सुई देली अन् नमाजले बसले. थाळी बाहेरच्या बोक्यानं साफ केलती, तिच्या पोटात काहीच नव्हतं. जोहरच्या, दुपारच्या नमाजाच्या आत गेली ती." तिनं माह्याकडे पाह्यलं. "आजवर कोणाले नाही बोलले. तवापासून मी खाणं होईपर्यंत समोरून उठत नाही. अन् तुमाले 'कमी झाली की सांगा' एवढंच बोलले, 'सुई नका देऊ' हे म्याच नाही बोलले. सगळ्याईले मालूमच असते, असं वाटलं मले."

म्या फॉर्मवरचा तो रकाना पुन्हा वाचला.

"ज्याच्या हातून एक डाव गेलं," ती म्हणे, "त्याच्या हातून दुसऱ्यांदा जात नाही. बाकी कोणाचा मले भरोसा नाही."

म्या पेन घेतला. हात असा कापे का खेमसिंगचा ख कागदाच्या रेघेवर बसेना, नाव पार तिरपं खाली घसरत गेलं. समीक्षाताई म्हणाली, "काका, दुसरा फॉर्म देऊ काय?"

"राहू द्या ताई," भाभी म्हणे, "वाचता येते." अन् मांजर उचलून माह्या हातात देली.