हुंगलेली फुलं

पुणतांब्याच्या अलीकडे, गोदावरीकाठच्या त्या गावात बेचाळीस साली बाग झाली, तीही जुन्या कोंडवाड्याच्या जागेवर. चार वर्षं झाली तरी तिथं उमललेलं फूल कुणी पाहिलं नव्हतं, आणि यात मच्छिंद्र माळ्याचा काडीचाही दोष नव्हता. जास्वंद, कण्हेर, मोगरा, सगळं त्यानं नदीवरून कावडीनं पाणी आणून जगवलं होतं. फुलंही मायंदाळ यायची. पण उजाडायच्या आत गाव परड्या घेऊन हजर. हटकावं तर एकच उत्तर, देवासाठी. मग चोरी ही चोरीच राहत नाही. मारुतीवाले यायचे, महादेववाले यायचे, दर्ग्यावर फुलांची चादर नेणारे यायचे. एकदा त्याची बायको चांगुणाच पदराआड चार जास्वंदी नेताना सापडली, तेव्हा मच्छिंद्रनं कपाळावर हात मारून घेतला.

त्यात प्रांतसाहेबांच्या पाहणीचा सांगावा आला. बाग फुललेली दिसली तर राहील, नाहीतर जागा पुन्हा कोंडवाड्याला जाईल, असं सरपंच राधाकृष्णशेठनी स्पष्ट सांगितलं. मच्छिंद्रच्या तोंडचं पाणी पळालं. या जागेतला दगड न् दगड त्यानं हातानं वेचला होता. ती झाडं आता मोकाट म्हशी तुडवणार, हे त्याला सोसवेना.

मग त्याला सुचलं. हुंगलेलं फूल देवाला चालत नाही. दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे तो एकेक फूल नाकाला लावत सुटला. जास्वंदीला वास नसतो, पण तिलाही त्यानं सोडलं नाही. परडीवाल्या आल्या तेव्हा शिंका आवरत म्हणाला, "समदी हुंगली हायती. आता न्या खुशाल."

त्यांच्यातल्या रंगुबाईनं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. दर्ग्यावालेही तोंड वाकडं करून परत गेले. तो रोज हुंगत राहिला आणि आठ दिवसांत बाग अशी फुलली, की तो स्वतःच बघत बसला. चार वर्षांत पहिल्यांदाच त्याला सुखाची झोप लागली.

पाहणीच्या सकाळी सरपंचांनी त्याला साहेबांना आणायला बैलगाडीबरोबर स्टेशनवर धाडलं. साहेबांना चावडीवर सत्काराला सोडून तो धावत बागेत आला. एक फूल नव्हतं. नुसता पाला.

तो झाडाझाडाखाली वाकून बघू लागला. एवढ्यात सत्कार उरकून मंडळी आली. साहेब सगळीकडे नजर फिरवत म्हणाले, "फुलं कुठे आहेत?"

साहेबांच्या गळ्यात पोटापर्यंत रुळणारा जाडजूड हार होता. साहेब काही देव नव्हते, त्यांना हुंगलेली चालत होती.

"तुमच्या गळ्यात हायती, साहेब," मच्छिंद्र म्हणाला.

साहेब खो खो हसले. माळी मोठा हजरजबाबी आहे म्हणाले, कागदावर कोंडवाड्याचा शेरा मारला आणि सरपंचांकडे जेवायला गेले.

संध्याकाळी राधाकृष्णशेठ समजूत घालायला आले. कोंडवाड्यावर राखणदार तूच राहशील, पोटाची काळजी करू नकोस, म्हणाले. मच्छिंद्र चिडून चिडून थकला होता.

"ऱ्हातो की," तो म्हणाला. "जनावरं बी खात्यात, पर देवाचं नाव सांगत न्हाईत."