रविवारी आलेलं पाणी

यशयाभाऊच्या गव्हाला पाटाचं पाणी आलं, ते नेमकं रविवारी सकाळी नऊ ते बारा. आमच्या गावच्या चर्चात उपासना दहाला. पाळकसाहेब श्रीरामपूरहून महिन्यातून एकदाच येतात, त्यांच्या गळ्यात पाच गावं. बाकीचे रविवार अकरा वर्षं यशयाभाऊ एकटा ओढत होता. घंटा तोच वाजवणार, शास्त्र तोच वाचणार, संदेश तोच देणार, आणि कुणाच्या घरात भांडण झालं तर प्रार्थनेलाही तोच जाणार. मंडळीचे आम्ही बाकीचे पंच नुसते नावाचे.

गहू पोटरीत आलेला. ही पाळी चुकली तर पुढचं पाणी वीस दिवसांनी, म्हणजे दाणा भरायचा नाही. वाफ्यांची दारं धरून पाणी फिरवायला गडी मिळेना, सगळे कांद्याच्या लागणीला गुंतलेले. म्हणून शनिवारी दिवसभर भाऊ आम्हा पंचांच्या दारोदार फिरला, एक रविवार कुणीतरी उपासना घ्या म्हणून. जॉय मास्तरांचा घसा बसला. केविनला राहात्याला पाहुण्यांकडे जायचं होतं. मी गुडघा पुढे केला. खोटं कशाला बोलू, गुडघा त्या दिवशी दुखत नव्हता.

मन खात होतं म्हणून संध्याकाळी त्याच्या ओट्यावर गेलो. मार्थावहिनी नेहमीसारखी मोठ्यानं शास्त्र वाचत होती. भाऊच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. शनिवारी ती वाचते, तो पाठ करतो आणि रविवारी पुस्तक समोर धरून घडाघडा म्हणतो. आज मात्र त्याचं लक्षच नव्हतं.

"बास कर," तो म्हणाला. "अकरा वरसं देवाला मागतोय, एक जोडीदार दे. दुसऱ्यासाटी मागितलं की देतो, माजं आलं की गप बसतो. उद्या मी गव्हावर. घंटा वाजली न्हाई तर न्हाई वाजली."

वहिनीनं पुस्तक मिटलं आणि ती चुलीकडे गेली. भाऊ देवावर चिडला होता, पण लाज मला वाटली, कारण त्याला वाऱ्यावर सोडलं होतं ते आम्ही.

रविवारी दहाला घंटा वाजली. भाऊनं राग गिळला असेल असं समजून गेलो, तर घंटेची दोरी वहिनीच्या हातात. पंचांत चुळबूळ झाली. बाईनं संदेश द्यायची आमच्याकडे रीत नाही. पण तिला अडवायचं तर दुसऱ्या कुणीतरी उभं राहायला हवं होतं, म्हणून आम्ही मुकाट बसलो. तिनं बायबलातली मोशेच्या सासऱ्याची गोष्ट घेतली. जावई दिवसभर एकटाच साऱ्या लोकांचे निवाडे करत बसतो, आणि सासरा सांगतो, असा तू थकून जाशील, काम वाटून दे. बोलताना तिनं आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, त्यामुळे जास्तच लागलं.

उपासना सुटल्यावर ती भाकरी घेऊन शेतावर निघाली. माझं रान शेजारीच, म्हणून मीही निघालो. भाऊ चिखलात फावडं घेऊन शेवटचा वाफा भरत होता. घंटा त्यानंही ऐकली होती.

"कोन हुतं, कल्याण?" त्यानं मला विचारलं. मी वहिनीकडे पाहिलं.

आनंद व्हायचा सोडून त्याचं तोंड उतरलं. तो तिला म्हणाला, "मला कदी म्हनली का न्हाईस?"

"तुमी समद्या गावाला इचारलं," वहिनी म्हणाली. "घरात न्हाई इचारलं."

पाणी वाफ्याबाहेर चाललं तरी त्याला सुचेना. शेवटी फावडं मी घेतलं. तो घुश्शातच म्हणाला, "मग फुडल्या रविवारी बी तूच घे की."

"घेते. पन चर्च झाडायचं, सतरंज्या टाकायच्या, त्ये अकरा वरसं मी करतेय. त्ये आता तुमी घ्या."

पुढच्या रविवारी मी मुद्दाम लवकर गेलो. यशयाभाऊ केरसुणी घेऊन चर्च झाडत होता आणि देवाशी काहीतरी पुटपुटत होता. सूर तक्रारीचाच होता. मला बघून तो थांबला.

"कल्याण," तो म्हणाला, "गुडगा बरा झाला असंल, तर त्या सतरंजीचं एक टोक धर."