गुरूचा कान

गुरू म्हणजे चालताबोलता देव, असं शिंपी मानायचा. अडचण एवढीच, की देव हल्ली बोलायचा फार आणि बोललेलं विसरायचा लगेच.

त्यांच्या परंपरेचा व्यवहार मोठा चोख. गुरूने आयुष्यात एकदाच, एकाच्याच कानात मंत्र सांगायचा. ज्याने ऐकला तो शिष्य. त्याने पुढे आपला एक कान शोधायचा. लिहायचा नाही, मोठ्याने म्हणायचा नाही. पिढ्यान् पिढ्यांचा कारभार एकेरी धाग्यावर! दुहेरी शिवण घालावी, हे शिंप्यालाही कधी सुचलं नाही.

त्याचे गुरू म्हणजे म्हातारे घड्याळजी. ते नातेवाइकांची नावं विसरले तेव्हा घरात कुणी फारसं मनावर घेतलं नाही; काही नातेवाईक त्याच लायकीचे होते. पण एका सकाळी ते मंत्रच विसरले. तेव्हापासून खुर्चीत बसून ओठ हलवायचे, पहिल्याच अक्षराशी अडायचे आणि रडायचे.

त्यांच्या लेकीने शिंप्याला जिन्यातच गाठलं.

"तुला येतो ना मंत्र? मग सांग की बाबांना! किल्ली खिशात ठेवून दाराला नमस्कार कसले घालतोस?"

"ताई, मी सांगितला तर बाबा माझे शिष्य होतील. माझा एक कान तिथेच संपला. मग पुढे कुणाला सांगू? माझ्यापाशीच सगळं बुडेल."

"पुढचं पुढे. ते कालपासून जेवले नाहीत."

तो खाली मान घालून आत गेला आणि गुरूंच्या पायाशी बसला.

"कोण आपण?" गुरूंनी विचारलं.

"शिंपी."

"अरे वा! माझा शिष्यही शिंपीच. माझं हरवलंय ते त्याच्याकडे आहे. जरा बोलावता त्याला? गुणी पोर आहे. मला नाही म्हणायचा नाही."

शिंप्याचे ओठ उघडले. ते पाहून म्हातारा आशेने पुढे वाकला, मान कलती करून त्याने कान त्याच्या तोंडाशी आणला. शिंपी ताडकन उठला.

"बघतो," एवढंच म्हणून तो बाहेर आला, कठड्याला धरून उभा राहिला आणि जायला दुसरी जागा नसल्यासारखा परत आत आला.

"नाही भेटला?"

"नाही, बाबा."

"कामात असेल हो," म्हणत गुरूंनी त्याचाच हात थोपटला. "तुम्ही नका वाईट वाटून घेऊ. बसा. येईलच तो."